शेवटची जोडी

१

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी आई उठते. चहाचं आधण ठेवते. त्यानंतर मागच्या खोलीच्या दाराला कान लावून उभी राहायची तिला सवय लागली होती. आतून कॉट करकरली की तिला कळायचं, ताईचा आजही डोळ्याला डोळा लागलेला नाही. मग परत येऊन आधणात साखर टाकायची आणि माझ्याकडे न बघताच म्हणायची, "आजही नाही."

मी शिकून परत आले तेव्हा याला दोन वर्षं होत आली होती. दाजी गेले, ताई आपलं घर बंद करून आईकडे आली, मागच्या खोलीत शिरली ती शिरलीच. दाजींचा छोटासा छापखाना होता. कागदांचे गठ्ठे ते स्वतः सायकलवर लादून गिऱ्हाइकांना पोचवायचे. ती अवजड लोखंडी सायकल, मागे वेल्डिंग करून बसवलेलं रुंद कॅरियर, आता आमच्या बोळात भिंतीला टेकून उभी होती. येताना ताईने कपड्यांची एक बॅग आणली आणि ही सायकल. बाकी सगळं सोडून दिलं.

मी लांबून पदवी आणली होती, आणि त्याहून मोठा एक विश्वास. मोडलेला माणूस दुसऱ्याच्या उपयोगी पडायला लागला की सांधला जातो, हे मला शिकवलं होतं आणि ते मला मनापासून पटलं होतं. त्यामुळे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी आम्हा दोघींचं नाव डोंगरफेरीला देऊन आले.

डोंगरफेरी म्हणजे अशी: वरच्या वस्तीत एक दवाखाना आहे. दरड कोसळल्यापासून पुलाच्या पुढचा रस्ता गाड्यांना बंद झाला. मग शहरातल्या काही सायकलवाल्यांनी ठरवलं की थंडी सुरू व्हायच्या आत, वर्षातून एकदा, दवाखान्याचं सामान आपण लादून न्यायचं. औषधं, ब्लँकेटं, सलाईनच्या बाटल्या. लोक कौतुकाने देणग्या देतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि वर चार लोकांची हिवाळ्याची सोय होते. मला याहून सुंदर काही सुचत नव्हतं.

"वेड लागलंय का तुला?" आई म्हणाली. "ती माडीचा जिना चढताना दोनदा थांबते."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय म्हणूनच! शिकायला गेली होतीस की डोकं गहाण टाकायला?"

ताई दारात येऊन उभी होती. किती तरी दिवसांनी ती स्वतःहून खोलीबाहेर आली होती. "जाते मी," ती म्हणाली. "ती सायकल नुसती उभी राहून गंजतेय."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. निघायच्या सकाळी तिने मला बोळात गाठलं आणि हळूच म्हणाली, "माझ्याकडे आता एवढीच राहिलीय. नेतेस तशी आणून दे."

"तशी नाही, बरी करून आणते," मी म्हटलं.

२

फेरीचे नियम एका निवृत्त ड्रिलमास्तरांनी बांधून दिलेले होते. त्यांना सगळे कप्तान म्हणत. पुलापर्यंत ते जीप घेऊन मागोमाग येत आणि सगळे परतेपर्यंत पुलावरच थांबत.

"हलक्या सायकलीवर बसून फोटो काढायचा, ओझं लोखंडावर लादायचं," ते आमच्या सायकली तपासत म्हणाले. दाजींच्या सायकलीचं कॅरियर त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. "वा! हे जावईबापूंनी कारखान्यासारखं काम करून घेतलंय. यावर मी स्वतः बसून गेलो तरी चालेल."

"मग ब्लँकेटं कोण नेणार?" ताई म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ताईने थट्टा केली होती!

फेरी जोड्यांनी चालते. घाटात धुकं असतं, रस्ता अरुंद, एका बाजूला कठडा आणि कठड्याखाली दरी. दोन्ही अंगांना थैल्या लोंबत असताना आणि मागे गठ्ठा असताना सायकल चढावर आपली राहत नाही. म्हणून पुढच्याने मागे वळून पाहायचं नाही, हा पहिला नियम. "मान वळली की हँडल वळतं," कप्तान दर वर्षी सांगत असत म्हणे, "हँडल वळलं की ओझं वळतं, आणि ओझं एकदा दरीकडे वळलं की ते कुणाचं ऐकत नाही." मागे बघण्याऐवजी हाक द्यायची. प्रत्येक वळणावर पुढच्याने विचारायचं, आहेस? मागच्याने सांगायचं, आहे. उत्तर आलं की चालत राहायचं. उत्तर आलं नाही तर पाय टेकून थांबायचं. बस, एवढंच.

बेकरीवाले दोघे भाऊ आमच्या आधी निघाले. धाकटा ओरडून म्हणाला, "ताई, आमचा दादा विचारतो आहेस आणि मी म्हणतो नाहीये. तरी थांबत नाही बघा!"

"थांबून काय करू, तुला आरती ओवाळू?" मोठा म्हणाला, आणि दोघे हसत पुढे गेले.

आम्ही शेवटची जोडी. मी पुढे, ताई मागे. आमच्यामागे फक्त कप्तानांची जीप.

३

पुलापर्यंतचा चढ सौम्य होता. ताईच्या सायकलीचं मडगार्ड खडखडत होतं, त्यामुळे ती किती मागे आहे हे मला न विचारता कळत होतं. तरी मी प्रत्येक वळणावर विचारत होते. मला त्यात मजा यायला लागली होती.

"आहेस?"

"आ... हे... गं."

तिचा श्वास तुटत होता. एका शब्दाचे दोन तुकडे, कधी तीन. मध्ये खोकला. पण प्रत्येक उत्तरात चीड होती, आणि चीड मला चांगली वाटत होती. दोन वर्षं ती कुणावर चिडली नव्हती.

"थकलीस का?"

"गधडे... बोलायला... लावू नकोस."

पुलावर आम्ही पाणी प्यायलो. तिचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. जीपच्या बॉनेटवर कोपर टेकून ती म्हणाली, "त्यांना हा चढ आवडला असता." एवढं म्हणून तिने तोंड फिरवलं. दाजींचा विषय निघाला की हे ठरलेलंच होतं. त्यांचं नाव निघालं की ताई संपायची, अर्धा दिवस पुन्हा जागेवर यायची नाही. आम्ही घरात तो विषयच टाळत असू.

कप्तानांनी वर बघितलं. धुकं रस्त्यावर उतरत होतं. "हळू जा. घाई नाही. दुपार आख्खी पडलीय."

४

पुलाच्या पुढे धुक्याने रस्ता गिळला. पुढचं चाक दिसत होतं, त्याच्यापुढे थोडा ओला डांबरी रस्ता, आणि उजवीकडे कठड्याचे पांढरे दगड एकामागून एक येत होते.

पहिल्या वळणावर मी विचारलं, "आहेस?"

"आ... हे."

त्यानंतर मागे काहीतरी खळकन वाजलं, लोखंडावर लोखंड आपटावं तसं. ताई काहीतरी बोलली असावी. माझ्या कानात माझाच श्वास होता. पुढचं वळण जवळच होतं, तिथे विचारू म्हणून मी पाय मारत राहिले.

"आहेस?"

"आहे."

मी पुढे गेले. हायसं वाटलं. पाचपन्नास पावलांनंतर मनात पाल चुकचुकली, आणि ती का चुकचुकली हे कळायला आणखी थोडा वेळ लागला. उत्तर अख्खं आलं होतं. न तुटता, न धापता, शेजारच्या खोलीतून कुणी द्यावं तसं.

मी शिकलेली मुलगी आहे. मी स्वतःला सांगितलं, तिला दम सापडला. चढावर तसं होतं. आधी छाती फुटायला येते आणि मग एकाएकी शरीर लयीत पडतं. तेच तर मला हवं होतं.

"आहेस?"

"आहे."

पुन्हा तसंच. आणि मडगार्ड वाजत नव्हतं. तिने चिंधी बांधली असेल, मी म्हटलं. किंवा उतरून ढकलत असेल. मी मुद्दाम जोर केला, मांड्या पेटेपर्यंत. मग मुद्दाम हळू झाले, इतकी की सायकल डुगडुगली. दोन्ही वेळा उत्तर तेवढ्याच अंतरावरून आलं, माझ्या गठ्ठ्याच्या मागून, माझ्या कानाच्या उंचीवर.

एवढ्या चढावर थांबले तर ओझ्यासकट पुन्हा निघता येणार नाही हे मला माहीत होतं. आणि थांबायचं ते उत्तर आलं नाही तर. उत्तर तर येत होतं. मी स्वतःच्या भित्रेपणाला हसले आणि मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, श्वास तरी घे! ऐकणाऱ्याला धडकी भरते."

पुढचं वळण आलं.

"आहेस?"

"आ... हे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं. आता ती धापत होती. पुढच्या वळणावरही धापली. त्याच्या पुढच्याही. शब्द त्याच जागी तुटत होता, प्रत्येक वेळी, आणि मध्ये तेवढाच श्वास होता. खोकला मात्र येत नव्हता.

मला तेव्हा बोलत राहावंसं वाटलं. धुक्यात गप्प राहणं नको झालं होतं. मग मला धीर आला आणि मी दाजींच्या गोष्टी सांगायला लागले. एरवी घरात मी हे धाडस केलं नसतं. पण मला वाटलं, इथे तिचा चेहरा मला दिसत नाही, माझा तिला दिसत नाही, इथेच बोलून टाकावं. दाजींनी एकदा लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं ती गोष्ट सांगितली. ते जेवायला बसताना ताईला "सरकार, हुकूम?" म्हणायचे, सगळ्यांसमोर सरकारच म्हणायचे, आणि ती लाजून आत पळायची, ते सांगितलं. त्यांच्या हातांना येणारा शाईचा वास सांगितला. जे जे मला आठवत होतं ते सगळं मी माझ्या खांद्यावरून मागे दिलं.

आणि मागून हसू आलं.

ताई हसली. रडली नाही, गप्प झाली नाही, छान मोकळं हसली. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं तो आनंदाचा आहे. मी थांबले असते तर ते हसू थांबलं असतं, म्हणून मी थांबले नाही. मी तिला आणखी सांगत गेले.

५

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. कंपाउंडर दारात उभे होते. बाकीच्या जोड्या सामान उतरवून पलीकडच्या पायवाटेने केव्हाच खाली पुलाकडे निघाल्या होत्या. कंपाउंडरांनी माझी सायकल धरली, गठ्ठा सोडवायला लागले आणि म्हणाले, "एकट्याच?"

"ताई आहे ना मागे."

आम्ही दोघांनी धुक्याकडे पाहिलं. शेवटच्या वळणावर तिने उत्तर दिलं होतं. शेवटचं वळण इथून हाकेच्या अंतरावर होतं.

"येईल," मी म्हटलं.

कंपाउंडरांनी आत जाऊन चहा आणला. मी कप हातात धरून उभी राहिले. रस्ता रिकामाच होता. आत फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकलं, आणि दारात येऊन विचित्र नजरेने माझ्याकडे बघत रिसीव्हर पुढे केला.

"अगं पोरी, आहेस कुठे तू?" कप्तान ओरडत होते. "तुझ्या ताईची चेन तुटली. इथेच, पुलाच्या वर, पहिल्या वळणाला."

"केव्हा?"

"तुम्ही गेलात आणि लगेच! तुला थांब थांब म्हणून केवढ्याने ओरडत होती. मी धावत गेलो तर रस्त्यात बसून चेन जोडतेय. कोपरापर्यंत काळी झाली होती पोर. फडकं दिलं तर घेईना. म्हटलं, जीपमध्ये बस. तर म्हणते, ती मला विचारतेय, मी सांगतेय, तिला ऐकू जात नाहीये. वरून तुझा आवाज येत होता ना. तू कुणाशी तरी बोलत होतीस."

मी दारातून त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"ऐकतेस ना? ती सायकल टाकून चालत वर आलीय. तुला शोधायला. पोचली का?"

६

मी कप ओट्यावर ठेवला आणि चालत निघाले. आत एक रोगी सलाईनवर होता, त्यामुळे कंपाउंडरांना येता येईना. "अंधार व्हायच्या आत परता," ते म्हणाले.

उतारावर पाय आपोआप पळतात. मी कठड्याच्या दगडांना हात लावत पळत होते. दिवस अजून होता, पण धुक्याने त्याचा रंग काढून घेतला होता. मी पहिल्यांदा "ताई!" अशी हाक मारली. काही नाही. मग तोंडाला जी सवय लागली होती तेच बाहेर आलं.

"आहेस?"

"आ... हे."

"आ... हे."

दोन उत्तरं. एक खालच्या वळणावरून आलं, एक माझ्या बाजूला, डोंगराच्या अंगाने. दोन्ही ताईची. दोन्ही धापणारी, आणि शब्द एकाच जागी तुटलेला. घाट आहे, मी म्हटलं, प्रतिध्वनी असणार. पण प्रतिध्वनी मागाहून येतो. ही दोन्ही बरोबर आली होती.

"ताई, तू कुठे आहेस?"

"इथे," बाजूने उत्तर आलं.

"इथे गं," खालून आलं. "पाय मुरगळलाय. ये ना."

डोकं अजून चालत होतं, मला त्याचा अभिमान वाटावा असं चालत होतं. मला एकच प्रश्न हवा होता, ज्याचं उत्तर फक्त ताईला माहीत आहे. मी विचारलं, "दाजी तुला काय म्हणायचे?"

"सरकार," बाजूचा आवाज लगेच म्हणाला. त्यात हसू होतं.

खालून काहीच आलं नाही. मग कुणीतरी तोंडात कपडा कोंबून धरावा तसा एक आवाज आला. मग, अगदी बारीक, "नको ना गं. ते नको विचारूस."

एकाला उत्तर येत होतं आणि एक टाळत होता. परीक्षेत मी याच न्यायाने गुण दिले असते. मी हात पुढे केला आणि डोंगराच्या बाजूने एक हात येऊन माझ्या हातात बसला. गार होता, ओलसर होता, धुक्यात कुणाचाही असेल तसाच. बोटं ताईची होती. मी त्या हाताला धरून उतरायला लागले आणि रडत रडत सांगत राहिले, चल घरी, चल, आई वाट बघतेय.

खालचं वळण आलं. रडणं आता अगदी जवळून येत होतं, रस्त्याच्या त्या कडेने, कठड्याच्या बाजूने. माझ्या हातातल्या हाताने मला हळूच डोंगराकडे ओढून घेतलं.

"मान वळवू नकोस," ताई म्हणाली.

मी वळवली. धुकं तेवढ्यापुरतं विरळ झालं, श्वास सोडल्यावर काचेवरची वाफ सरकते तसं. कठड्यावर एक बाई बसली होती. एक बूट काढलेला, मान खाली, केस कपाळाला चिकटलेले. दोन्ही हात तिने अंगापासून दूर धरले होते, कपड्यांना लागू नयेत असे. ते कोपरापर्यंत काळे होते.

मी माझ्या हातातल्या हाताकडे पाहिलं. तो स्वच्छ होता.

मी तो हिसडला आणि धावत मागे गेले, कठड्यापाशी, आणि तिथे कुणी नव्हतं. मी दगड चाचपले. कठड्यावर ओणवून खाली हाका मारल्या. विचारत राहिले, आहेस? आहेस? उत्तर आलं नाही. नियम होता, उत्तर आलं नाही तर थांबायचं. मी थांबले. अंधारून येईपर्यंत थांबले. मग बॅटऱ्यांचा उजेड वर आला. कप्तान होते, बेकरीवाले दोघे भाऊ होते, आणि त्यांच्यामागे, खांद्यावर ब्लँकेट घेतलेली, ताई होती.

"ही बघा, ही इथे," धाकटा भाऊ म्हणाला. "सापडली एकदाची!"

"ताई कुठाय?" मी ओरडले. "ताईला शोधा!"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कप्तानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. "बाळ, तुझी ताई ही काय इथे उभी आहे."

"तिचे हात बघा. तुम्हीच सांगितलंत, काळे झाले होते."

"पुसले असतील गं," ते म्हणाले. ताईने ब्लँकेटमधून हात काढून माझ्या गालाला लावला. सगळे माझ्याकडे दयेने बघत होते.

७

ताई आता झोपते. पहिल्या सकाळी आई दाराला कान लावून उभी राहिली, आणि कॉट करकरली नाही. आई किती तरी वेळ तिथेच उभी होती. मला वाटलं ती रडतेय, म्हणून मी जवळ गेले नाही.

ताई दोन वेळा जेवते. मागून घेते. मागच्या खोलीच्या खिडक्या तिने उघडून टाकल्या. दाजींच्या गोष्टी ती स्वतःहून सांगते, लग्नपत्रिकेची, सरकारची, आणि हसते. ती सांगते त्या सगळ्या मी घाटात सांगितलेल्या. मी न सांगितलेली एकही तिने अजून सांगितलेली नाही. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "शिकून आलीस त्याचं सोनं केलंस." वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. मी तो बघू शकले नाही.

मी घाटात जात राहिले. रोज सकाळी आईला काहीतरी थाप मारून पुलापर्यंत बस, तिथून चालत. पोलिसांकडे जाऊन काय सांगणार होते? माझी बहीण हरवलीय, ती घरी आहे? हाका मारून घसा बसला. आणि मग एके दिवशी कठड्यावर मला तो डाग दिसला. वंगणाचा, चार बोटांचा, पाचव्याची नुसती कड. पाय मुरगळलेल्या माणसाने आधार घेत जावं तसा. पुढच्या दगडावर आणखी एक. मी त्यांच्यामागे गेले. ते खाली उतरत होते. दोन दिवसांनी पुलाच्या कठड्यावर दिसला, जिथे मी आदल्या दिवशी हात फिरवून पाहिला होता आणि काही नव्हतं. काल तो पुलाच्या अलीकडे होता, शहराच्या बाजूच्या मैलाच्या दगडावर.

ती येत होती. हळू, पण येत होती.

मी धावत घरी आले. ऊन चांगलं वर आलं होतं. आई गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होती. ताई खाली अंघोळीला गेली होती, पाण्याचा आवाज येत होता. मी आईला सगळं सांगितलं. पहिल्यांदा, सगळं: उत्तर, धाप, हसू, दोन आवाज, काळे हात, मैलाचा दगड. मला वाटलं ती किंचाळेल, मला वेडी म्हणेल, मला थप्पड मारेल.

आईने ऐकून घेतलं. चादरीचे चिमटे काढत राहिली.

"आई, ही ताई नाही."

"मला सांगतेस?" ती म्हणाली. "जीपमधून उतरली तेव्हाच कळलं मला."

मी जिन्याकडे पाहिलं. खाली पाण्याचा आवाज चालूच होता.

"दोन वर्षं," आई म्हणाली, "रोज सकाळी त्या दाराशी उभी राहायचे. रोज वाटायचं, आज कॉटही करकरणार नाही, आज दार फोडावं लागेल. तू लांब होतीस. तू नाही ऐकलीस ती कॉट." तिने एक चिमटा दातात धरला, काढला. "ही जेवते. ही झोपते. ही माझ्याशी बोलते. मी हिला विचारलं नाही तू कोण, आणि तूही विचारायचं नाहीस."

"पण ती येतेय, आई. पाय मुरगळलाय तिचा. उद्या-परवा दाराशी येईल."

खाली पाण्याचा आवाज थांबला. ताई काहीतरी गुणगुणत होती. आईचा चेहरा ते ऐकताना असा उजळला की मला बघवेना. तिने घाईघाईने चादरीची दोन टोकं आपल्या हातात घेतली आणि दुसरी दोन माझ्यापुढे धरली.

"आली तर उघडू नकोस," ती म्हणाली. "धर. घडी नीट पडली पाहिजे."

मी टोकं धरली. आम्ही चादर ताणली, झटकली, आणि एकमेकींकडे चालत आलो.